माळशेजचा रस्ता : पर्जन्यछायेचा एक पाठ

कल्याणहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) येणारा राष्ट्रीय महामार्ग 61 माळशेज घाटातून सह्याद्री ओलांडतो. धुके आणि धबधबे यांसाठी हा घाट प्रसिद्ध आहे. तथापि, घाटातून परत न फिरता याच रस्त्याने पूर्वेकडे जाणाऱ्यास जिल्ह्याच्या पाणीप्रश्नाचे मूळ डोळ्यांनी पाहता येते.

घाटमाथा ते पठार

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्यावर अडतात, वर चढताना थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचा पाऊस पडतो. माथा ओलांडून उतरणारे वारे मात्र उबदार व कोरडे होत जातात. म्हणूनच ओतूर, आळेफाटा ही गावे मागे पडतात तसतशी भातखाचरे दिसेनाशी होतात व बाजरीची शेते लागतात. टाकळी ढोकेश्वरला आपण पारनेर तालुक्यात, म्हणजेच पर्जन्यछायेत असतो. घाटमाथ्यापासून हे अंतर शंभर किलोमीटरांच्या आतले. परंतु येथील वार्षिक पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच असतो.

पाण्याची वाट

माथ्याच्या पश्चिमेचे पाणी काळू व उल्हास नद्यांतून अरबी समुद्रास मिळते. पूर्वेचे कुकडी, घोड, भीमा व कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागरास. पूर्वेकडील पाण्याचा काही भाग पिंपळगाव जोगे धरणात अडवून कालव्याने पारनेरकडे आणला आहे. मात्र कालवा प्रत्येक शिवारात पोहोचू शकत नाही. अशा ठिकाणी पडेल तो पाऊस गावातच मुरविणे हाच उपाय होय. अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजारने 1990 च्या दशकापासून बांधबंदिस्ती, वृक्षलागवड व चराईबंदी यांद्वारे तो सिद्ध केला. तेथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरविली जातात.

शाळा व पंचायतींसाठी

शिक्षकांनी हा मार्ग भूगोलाच्या सहलीसाठी अवश्य निवडावा. सहल पावसाळा सरल्यावर न्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरडी कोसळतात व धुक्यामुळे समोरचे वाहन दिसत नाही. विद्यार्थ्यांनी वाटेतील पिके, माती व विहिरींतील पाण्याची पातळी यांची गावनिहाय नोंद करावी. पंचायत सदस्यांनी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोजचे आकडे फलकावर लिहिण्याची व्यवस्था करावी. आपल्या गावात पाऊस किती पडला हे ठाऊक असल्याखेरीज तो किती वापरावा, याचा निर्णय ग्रामसभेला घेता येणार नाही.