संगणकाचे यूएसबी पोर्ट बंद पडल्यास

ग्रामपंचायतीच्या देयकावर सरपंचांची डिजिटल स्वाक्षरी व्हावयाची असते. परंतु स्वाक्षरीचे टोकन संगणक ओळखतच नाही. शाळेत विद्यार्थ्यांची माहिती पेन ड्राइव्हमध्ये तयार असते. परंतु ती उघडत नाही. अशा वेळी संगणक बिघडला असे समजून तो तालुक्याच्या गावी पाठविला जातो आणि कामे खोळंबतात. वास्तविक, यांपैकी पुष्कळ अडचणी कार्यालयातच दूर होऊ शकतात.

यूएसबी ही जोडणीपद्धती १९९६ मध्ये प्रचारात आली. तिच्या पोर्टमधून दोन कामे होतात : माहितीची ने-आण आणि ५ व्होल्ट विजेचा पुरवठा. यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर, तर यूएसबी ३.० पोर्ट ०.९ अँपिअरपर्यंत वीज देऊ शकते. एखादे उपकरण याहून अधिक वीज ओढू लागले, की संगणक सामान्यतः त्या पोर्टचा पुरवठा तोडतो.

सर्वप्रथम दोष कोठे आहे, हे निश्चित करावे. तेच उपकरण दुसऱ्या संगणकास जोडून पाहावे. तेथेही ते चालत नसेल, तर दोष उपकरणात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. तेथे चालत असल्यास आपल्या संगणकाच्या मागील बाजूच्या पोर्टमध्ये ते जोडावे. पुढील पोर्ट आतील एका तारेने मदरबोर्डशी जोडलेले असतात. ती तार सैल झाल्यास केवळ पुढील पोर्ट बंद पडतात. पेन ड्राइव्ह चालतो, पण टोकन चालत नाही, असे आढळल्यास पोर्ट निर्दोष असून टोकनचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हा बसविणे आवश्यक आहे, असे समजावे.

सर्वच पोर्ट बंद असतील, तर सर्व उपकरणे काढून संगणक रीतसर बंद करावा. भिंतीवरील बटन बंद करून प्लग काढावा, संगणकाचे चालू करण्याचे बटन सुमारे १५ सेकंद दाबून धरावे आणि काही मिनिटांनी पुन्हा जोडणी करावी. आत साठून राहिलेली वीज निघून गेल्याने पोर्ट अनेकदा पूर्ववत होतात. पोर्टमध्ये धूळ असल्यास याच वेळी कोरड्या, मऊ ब्रशने काढावी. टाचणी किंवा तार कदापि घालू नये.

तरीही सुधारणा न झाल्यास विंडोज प्रणालीतील ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. यूएसबी विभागातील ‘रूट हब’च्या गुणधर्मांत वीजबचतीसाठी उपकरण बंद करण्याची मुभा दिलेली असल्यास ती काढावी. त्याच विभागातील ‘होस्ट कंट्रोलर’ काढून संगणक पुन्हा सुरू केल्यास विंडोज त्यांची नव्याने नोंद करते. मात्र या कृतीत यूएसबीचे माउस व कीबोर्ड तात्पुरते बंद पडतात. म्हणून चालू काम आधी जतन करावे व संगणक त्याच्या बटनाने बंद करून पुन्हा सुरू करावा.

काही कार्यालयांत सुरक्षिततेसाठी पोर्ट हेतुपुरस्सर बंद ठेवलेले असतात. तेथे वरिष्ठांच्या अनुमतीवाचून बदल करू नयेत. पोर्टची पट्टी वाकलेली असल्यास, ते तापत असल्यास किंवा जळका वास येत असल्यास मात्र त्याचा वापर तत्काळ थांबवून तंत्रज्ञास पाचारण करावे.

केलेली प्रत्येक तपासणी व तिचा परिणाम नोंदवहीत लिहून ठेवावा. तंत्रज्ञाचा वेळ व कार्यालयाचा पैसा त्यामुळे वाचेल आणि ग्रामस्थांनाही रिकाम्या हाती परतावे लागणार नाही.