तिला आधी दाखव

विश्रामबाग, सांगली
जूनअखेर

चि. मुक्ता हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होते. पण तू "आत्या, एडिटला बसलेय, नंतर करते" म्हणतेस आणि ते नंतर कधी येत नाही. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

परवा हरिपूरला सुमनच्या नातवाचं बारसं होतं. तिथे तिची विहीण भेटली, तू शूटिंगला गेली होतीस त्या नदीकाठच्या गावची. तू माझी भाची हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून मोकळेपणानं बोलली. पुण्याहून एक टीव्हीवाली पोरगी आली होती म्हणे, पुराची जाहिरात करायला. २०१९ च्या पुरात जिचा मुलगा गेला त्या म्हातारीला मुलाचा फोटो मांडीवर देऊन उंबऱ्यात बसवलं. ती रडली. मग ऊन बदललं म्हणून पुन्हा बसवलं, पुन्हा तेच विचारलं. पुन्हा रडली. जाताना शाल दिली, पाकीट दिलं. तुमची गाडी गेल्यावर ती उठलीच नाही, रात्री जेवलीही नाही.

माणसं तिखटमीठ लावून सांगतात, मला कळतं. अर्धं सोडून देते. पण "ऊन बदललं म्हणून" हे त्या बाईला आपणहून सुचणार नाही. ते तुमच्या लोकांचं बोलणं आहे.

मला एकच सांग. जे घेतलंस ते तिला दाखवलंस का?

सही घेतली होती, म्हणशील. घेतली असशील. कागद मराठीत होता का? वाचून कोणी दाखवला? आणि घरात चार परकी माणसं, दिवे, दारात अख्खी गल्ली जमलेली, अशा वेळी कुठली म्हातारी नाही म्हणेल? आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत, याचाच फायदा घेतला जातो. त्या सहीला मी संमती म्हणत नाही.

भुसावळचा मुकेश आठवतो? तोंडाच्या कर्करोगानं २००९ साली गेला, वय २४. आणि २०१२ पासून सिनेमाच्या आधी तो पडद्यावर यायला लागला, म्हणजे जाऊन तीन वर्षं झाल्यावर. त्या फिल्मनं पुष्कळ पोरांच्या हातातली पुडी सुटली असेल, मला शंका नाही. चांगल्या हेतूनंच केली होती. पण आपल्याच घरात ओंकार त्याच्या आवाजाची नक्कल करायचा आणि आपण सगळे हसायचो, तूसुद्धा. भुसावळात त्याच्या घरी टीव्ही लागत असेल तेव्हा काय होत असेल, हे आपल्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही. चेहरा एकदा सुटला की तो कुठे जाईल, लोक त्याचं काय करतील, हे तुझ्या हातात राहत नाही. ही म्हातारी तर जिवंत आहे. तिला रोज त्याच गल्लीतून पाणी भरायला जायचंय.

आणि मुळात रडणं कशाला लागतं गं? सांगलीच्या माणसाला पुराची भीती घालायला हवी का? २००५ आम्ही पाहिला. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी आपल्याकडे येऊन राहिली होती. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळची बोट उलटली. २०२१ ला पुन्हा पूर. भीती पोटभर आहे, कमी पडते ती माहिती. पावसाळ्यात इथे माणूस माणसाला भेटला की "आयर्विनला किती?" एवढंच विचारतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे पोरंसुद्धा सांगतात. आणि टीव्हीवर काय सांगतात? कोयना धरणातून इतके हजार क्युसेक सोडले. क्युसेक ऐकून सूर्यवंशी प्लॉटातल्या बाईला कसं कळावं की गॅसची टाकी माळ्यावर कधी चढवायची? अमुक फुटाला तुमच्या गल्लीत पाणी येतं. त्याआधी जनावरं हलवा, कारण म्हशीपायी माणसं मागे राहतात आणि अडकतात. रेशनकार्ड, सातबारा, रोजच्या गोळ्या एका पिशवीत घाला. म्हातारी माणसं आधी. बोटीत सगळ्यांनी एकदम घुसायचं नाही. तुझ्या ३० सेकंदांत हे बसतं. तूच मला एकदा म्हणाली होतीस, ३० सेकंद म्हणजे सत्तर शब्द.

हे सगळं त्या म्हातारीला येत होतं, मुक्ता. पाणी कुठवर आलं होतं ते विचारलंस ना? मग भिंतीवरची खूण दाखवा म्हणायचंस. ती उठली असती, बोट ठेवून दाखवलं असतं, किती वाजता उंबरा ओलांडला, कोणत्या बाजूनं आलं, सगळं सांगितलं असतं. गावातलं सगळ्यात जाणतं माणूस तुझ्यासमोर होतं आणि तू तिला रडायला बसवलंस.

रागावतेय, पण मी तरी कुठली मोठी. १९९० नंतरची ती वर्षं. एड्सची पत्रकं गठ्ठ्यानं यायची, त्यावर कवटी आणि दोन हाडं. सांगलीत ड्युटीला असताना मी ती भिंतीला लावायची. एकदा गोकुळनगरची, धंद्याच्या गल्लीतली एक बाई लेकराला डोस द्यायला आली. पत्रकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, ह्यो मुडदा आमच्यासाठीच लावलाय न्हवं?" मी काही बोलले नाही. डोस दिला, पुढचं नाव पुकारलं. पुढे १९९२ पासून संग्राम संस्थेनं त्याच गल्ल्यांतल्या बायकांच्या हातात एड्सबद्दल सांगायचं काम दिलं. निरोध त्यांनीच वाटले, एकमेकींना त्यांनीच समजावलं, १९९६ ला त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. त्यांच्या बोलण्यात कवटी नव्हती. त्या बाईला थांबवून दोन शब्द बोलायचे माझे राहिले ते राहिलेच. लेकरू आता बापई झालं असेल.

तुमच्या टीव्हीला मी नावं ठेवत नाही, बरं का. बच्चन टीव्हीवरून रागावले की त्या रविवारी पोलिओच्या बूथवर रांग लागायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग करंगळीला शाई, दारावर खडूची खूण. जी दारं बंद राहायची तिथे मात्र बच्चन उपयोगी पडत नसत. तिथे ओट्यावर बसून चहा प्यावा लागायचा. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त झाल्याचा दाखला मिळाला, त्या संध्याकाळी दादानं मला पेढे आणून दिले होते. तुझा बाप. "हे तुझे" म्हणाला.

तुझी अडचणही समजते. देणगीदाराला दाखवायला संस्थेला डोळ्यांत पाणी हवं असतं. कचेरीला साहेबांचा फोटो हवा असतो. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१५ मध्ये सांगितलं होतं की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कोणाचा फोटो नको. मार्च २०१६ ला मुख्यमंत्री आणि मंत्री परत आत आले. तेव्हा हात जोडलेले चेहरे किती सेकंद ठेवायचे ते तू ठरवत नाहीस. म्हातारीचा चेहरा मात्र तू ठरवतेस. बिलं वर्ष वर्ष निघत नाहीत, कॅमेऱ्याचं भाडं अंगावर, पुण्याचं घरभाडं वेगळं. घाईत होतं असं. तू निर्दय नाहीस. दादाची पोर आहेस.

तुझा तो अंगणवाडीचा स्पॉट मी आमच्या सगळ्या जुन्या सिस्टरना पाठवला होता. त्यात ताई झाडाला वजनकाटा टांगण्याआधी फांदी ओढून बघते. आम्ही सगळ्या तशाच ओढून बघायचो. ते सांगितलेलं नव्हतं कोणी तुला, तुला ते दिसलं. कुलकर्णी सिस्टरनं मला रात्री फोन केला, ही कोणाची पोरगी म्हणून. मी सांगितलं कोणाची ते.

तेव्हा असं कर. चॅनेलला देण्याआधी इकडे ये. आपण दोघी त्या गावाला जाऊ. लॅपटॉप आण, फोनवर तिला दिसायचं नाही. तिला दाखव, तिच्या सुनेलाही दाखव. मी शेजारी बसते. राहू दे म्हणाली तर राहू दे. नको म्हणाली तर काढून टाक, आणि तिला चालणार असेल तर भिंतीवरची खूण दाखवताना तिला घे. वरचा खर्च माझ्या पेन्शनमधून करू. आईला सांगू नकोस, ती मलाच बोलेल.

कोयना एक्स्प्रेसनं ये, सांगलीला उतर, मिरजेपर्यंत झोपत जाऊ नकोस मागच्यासारखी. सामान असेल तर ओंकारला गाडी घेऊन पाठवते. दादाची खोली झाडून ठेवलीय. फोनवर तुझा खोकला ऐकू येत होता, काढा करून ठेवते, तोंड वाकडं न करता प्यायचास. आणि रात्री कितीही उशीर झाला तरी वाटेत खाऊन येऊ नकोस, मी जेवायची थांबेन.

तुझी,
आत्या