अर्जाची तपासणी : खिडकीवरची आणि आतली

कागदी अर्जांच्या काळात टपाल कचेरीत अथवा बँकेत खिडकीमागे बसलेला कारकून अर्ज हाती घेताच त्यावरून एक नजर फिरवीत असे. सही राहिली आहे, तारीख घातलेली नाही, खाते क्रमांकात एक अंक कमी आहे, एवढे तो तत्काळ सांगे व अर्ज दुरुस्तीसाठी परत करी. अर्जदार पात्र आहे की नाही, त्याने दिलेली माहिती खरी आहे की खोटी, याचा निर्णय मात्र तो करीत नसे. ते काम आतल्या अधिकाऱ्याचे. इंटरनेटवरून भरल्या जाणाऱ्या अर्जांतही तपासणीचे हेच दोन टप्पे असतात. पहिली तपासणी अर्जदाराच्या स्वतःच्या यंत्रावर, ब्राउझरमध्ये होते. दुसरी दूरच्या सर्व्हरवर होते. या दोहोंची कामे निरनिराळी आहेत आणि त्यांची गल्लत झाली म्हणजे नुकसान अखेर अर्जदाराचेच होते.

पहिल्या तपासणीचा उगम

आरंभीच्या काळात अर्जातील एखादी रिकामी चौकट दाखवून देण्यासाठीसुद्धा तो संपूर्ण अर्ज सर्व्हरपर्यंत जाऊन परत यावा लागे. टेलिफोनच्या मंद तारांवरून होणाऱ्या या प्रवासात वेळ जाई. १९९५ साली नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. ब्राउझरच्या आतच चालणाऱ्या या भाषेचा एक पहिला उपयोग झाला तो अर्ज तपासण्यासाठी. पुढे २०१४ साली एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीस प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. चौकट सक्तीची आहे, संख्या अमुक मर्यादेतच हवी, मजकुराचा साचा असा असावा, या गोष्टी त्या आवृत्तीनुसार वेगळा प्रोग्रॅम न लिहिताही ब्राउझरला सांगता येतात.

काय तपासता येते

ब्राउझरमधील तपासणीचे साधारणतः चार प्रकार सांगता येतील. पहिला, आवश्यक माहिती भरली आहे की नाही हे पाहणे. दुसरा, माहितीचा साचा पाहणे. भारतीय टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो सहा अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक शून्य नसतो. आयकर खात्याच्या पॅन क्रमांकात प्रथम पाच रोमन अक्षरे, मग चार अंक व शेवटी एक अक्षर असते. तिसरा प्रकार मर्यादेचा : जन्मतारीख भविष्यातील असू शकत नाही. चौथा प्रकार परस्पर सुसंगतीचा : प्रवास संपण्याची तारीख तो सुरू होण्याच्या तारखेच्या आधीची असता कामा नये.

साचा बरोबर असूनही एखादा अंक चुकलेला असू शकतो. अशी चूक पकडण्यासाठी पडताळा-अंकाची युक्ती योजतात. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी या युक्तीच्या एका पद्धतीसाठी १९५४ साली पेटंटचा अर्ज केला व १९६० साली त्यांना ते मिळाले. बँकांच्या कार्डांवरील क्रमांकांत आजही हीच पद्धत वापरतात. समजा, मूळ संख्या १७८४ आहे. उजवीकडून आरंभ करून एकाआड एक अंक दुप्पट करावयाचा. गुणाकार दोन अंकी आल्यास त्या दोन अंकांची बेरीज घ्यावयाची. ४ चे ८ होतात, ८ तसाच राहतो, ७ चे १४ म्हणजे ५ होतात, १ तसाच राहतो. बेरीज २२ येते. ती पुढच्या दशकापर्यंत, म्हणजे ३० पर्यंत नेण्यास ८ हवेत. म्हणून ८ हा पडताळा-अंक शेवटी जोडून पूर्ण क्रमांक १७८४८ होतो. एखाद्याने घाईत ७१८४८ असे लिहिले, तर बेरीज ३३ येते. तिला १० ने भाग जात नाही आणि चूक तेथल्या तेथे उघड होते. या पद्धतीत एक उणीव आहे : ०९ च्या जागी ९० पडल्यास ती ओळखू येत नाही. डच गणितज्ञ फर्हूफ यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने ही उणीव दूर केली. शेजारच्या कोणत्याही दोन भिन्न अंकांची अदलाबदल तिच्यातून निसटत नाही. आधारच्या बारा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक याच पद्धतीने काढलेला असतो.

नावांची अडचण

संख्यांच्या बाबतीत उपयुक्त ठरणारा काटेकोरपणा नावांच्या बाबतीत जाचक ठरतो. आडनावाची चौकट सक्तीची केली की, आडनाव न लावणाऱ्या व वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर लिहिणाऱ्या तमिळ माणसाला ती कशी भरावी हे कळत नाही. तो तेथे एखादे टिंब टाकतो किंवा वडिलांचे नाव घालतो. मग एका कागदावरील नाव दुसऱ्याशी जुळत नाही आणि त्यापायी एखादी शिष्यवृत्ती किंवा निवृत्तिवेतन अडून राहते.

भारतीय लिप्यांची अडचण आणखी सूक्ष्म आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत काना, वेलांटी, उकार ही चिन्हे ‘अक्षर’ या वर्गात मोडत नाहीत. त्यांचा वर्ग वेगळा आहे. ‘नावात केवळ अक्षरे असावीत’ असा नियम लिहिणाऱ्याने त्या दुसऱ्या वर्गाची आठवण ठेवली नाही, तर ‘राम’ हे साधे नावही अवैध ठरते. लांबीच्या मर्यादेचेही तसेच आहे. ‘श्रीकृष्ण’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात, पण संगणक नऊ चिन्हे मोजतो.

तिसरे उदाहरण गोवा, मुंबई व मंगळूर या भागांतील डि’सोझा, डि’मेलो यांसारख्या आडनावांचे आहे. रोमन लिपीत ही आडनावे लिहिताना मध्ये एक लोपचिन्ह येते. माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत तेच चिन्ह मजकुराचा आरंभ व शेवट दाखवते. त्याचा गैरफायदा घेऊन चौकटीतून भलतीच आज्ञा घुसवता येते, म्हणून काही प्रोग्रॅमर ते चिन्हच निषिद्ध ठरवतात. त्यामुळे खऱ्या नावाचा माणूस दाराबाहेर राहतो आणि दार मात्र सुरक्षित होत नाही.

दुसरी तपासणी अटळ का

दार सुरक्षित का होत नाही, याचे कारण पहिल्या तपासणीच्या स्वरूपातच आहे. ब्राउझर अर्जदाराच्या ताब्यात असतो. त्यातील जावास्क्रिप्ट बंद करता येते, पानावरील नियम बदलता येतात. इतकेच नव्हे, तर ब्राउझर न उघडताच हवा तो मजकूर थेट सर्व्हरकडे पाठवता येतो. शुल्काची रक्कम ब्राउझरमधून आलेल्या आकड्यावरून ठरवली, तर पाचशेचे पाच करणे अवघड नाही. म्हणून ब्राउझरमध्ये झालेली प्रत्येक तपासणी सर्व्हरने पुन्हा केली पाहिजे आणि शुल्कासारख्या गोष्टी स्वतःच्या नोंदींवरून ठरवल्या पाहिजेत. लोपचिन्हाच्या धोक्यावरील उपायही तेथेच आहे : आज्ञा आणि मजकूर माहितीसाठ्याकडे वेगवेगळे पाठवले, म्हणजे मजकुरात कोणतेही चिन्ह असले तरी त्याची आज्ञा होत नाही. साच्यात बसणारा पिनकोड खरोखर अस्तित्वात आहे काय, हेही यादी जवळ असलेल्या सर्व्हरलाच सांगता येते.

दोष कसा सांगावा

असे असले तरी पहिल्या तपासणीचे मोल कमी होत नाही. तिचे प्रयोजन मदत हे आहे. त्यासाठी तिने काही पथ्ये पाळावयास हवीत. पहिला अंक लिहिताच ‘क्रमांक चुकीचा’ असे ओरडू नये. चौकट भरून अर्जदार पुढे गेल्यावर बोलावे. दोषाची सूचना त्या चौकटीपाशीच असावी आणि काय करावे हे तीत सांगितलेले असावे. ‘अवैध माहिती’ या शब्दांनी काहीच कळत नाही. ‘पिनकोड सहा अंकी हवा, येथे पाचच अंक आहेत’ यातून वाट सापडते. केवळ लाल रंगाने दोष दाखवल्यास तो रंगांधांना ओळखता येत नाही व अंधांच्या वाचनयंत्राला वाचता येत नाही. म्हणून तो शब्दांतही लिहावा. दूरध्वनी क्रमांकात सोयीसाठी सोडलेली मोकळी जागा यंत्राने स्वतः काढून टाकावी. एका चुकीपायी भरलेला सारा अर्ज पुसला जाऊ नये. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत मिनिटांचे पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट महाग पडते.

थोडक्यात, खिडकीवरच्या तपासणीने अर्जदाराला साहाय्य करावे व आतल्या तपासणीने व्यवस्थेचे रक्षण करावे. रक्षणाचे काम खिडकीवर सोपवले, तर प्रामाणिक माणूस अडतो आणि लबाड माणूस दुसऱ्या वाटेने आत शिरतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रत्येक नियमाच्या वेळी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : हा नियम कोणाला मदत करतो, आणि तो कोणत्या खऱ्या माणसाला परत पाठवतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत नियम सैल ठेवणे हेच श्रेयस्कर होय.