'उद्धार' या शब्दाविषयी थोडेसे

जीर्णोद्धार निधीची पावती घेताना काही भाविक कार्यालयात हटकून विचारतात, "यातला उद्धार नेमका कोणाचा?" प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरासाठी शब्दाच्या मुळापर्यंत जावे लागते.

'उद्' म्हणजे वर आणि 'हृ' म्हणजे नेणे. यांपासून 'उद्धार' हा संस्कृत शब्द सिद्ध झाला. संधी होताना 'द्' व 'ह' मिळून 'द्ध' होतो, म्हणून 'उध्दार' हे लेखन अशुद्ध होय. (आमच्या जुन्या पावत्यांवर ते तसेच छापले गेले होते, हे येथे कबूल करणे योग्य ठरेल.) मूळ अर्थ अगदी लौकिक आहे : रुतलेली, बुडालेली वस्तू बाहेर काढणे. शरीरात रुतलेला बाण काढणे, तो शल्योद्धार. ग्रंथातून काढून घेतलेला उतारा, ते उद्धरण. वराहरूपी भगवंतांनी जलात बुडालेली पृथ्वी वर काढली, तोही उद्धारच.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात मनुष्याने स्वतःच स्वतःला वर काढावे, असा उपदेश आहे. बाराव्या अध्यायात मात्र भक्ताला संसारसागरातून वर काढण्याचे काम भगवंत आपल्याकडे घेतात. दोन्ही ठिकाणी धातू हाच.

याच शब्दाचे दुसरे अपत्य बाजारात नांदते. मनुस्मृतीत वाटणीपूर्वी ज्येष्ठ पुत्रासाठी बाजूला काढलेल्या भागास 'उद्धार' म्हटले आहे, आणि आपला 'उधार' हा शब्दही 'उद्धार' पासूनच आलेला आहे. 'तारण' हा शब्दही असाच दोन्हीकडे वावरतो : भवसागरातून तारून नेणे ते तारण आणि कर्जापोटी ठेवलेला दागिना तेही तारण. रागाच्या भरात समोरच्याच्या सात पिढ्यांचा 'उद्धार' करणारी आपली मराठी तर याहून पुढे गेली आहे!

आता मूळ प्रश्न. जीर्ण म्हणजे झिजलेले. त्याचा उद्धार तो जीर्णोद्धार. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी इ. स. १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, ते कार्य याच परंपरेतले. म्हणजे व्याकरणाने पाहता पावतीवरील उद्धार मंदिराचा आहे, देणगीदाराचा नव्हे. आणि देणगी न देणाऱ्याचा तो अडतो, असेही कोठे सांगितलेले नाही. उधार-उसनवार करून अथवा दागिना तारण ठेवून कोणी रक्कम आणल्याचे कळल्यास कार्यालय ती नम्रपणे परत करते. भाविकांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये.