रथसप्तमीला बी, शिवरात्रीला रोप

संक्रांत सरली की परसबागेत निवांतपणा येतो. पालक, मेथी, मुळा अजून हाताला येत असतात, टोमॅटोचे घोस लाल होत असतात आणि सकाळच्या गारव्यात एक दिवस पाणी चुकले तरी काही सुकत नाही. म्हणून बहुतेक घरी उन्हाळी भाजीचा विचार सुरू होतो तो गुढीपाडव्याला. तोवर उशीर झालेला असतो. दुधी, दोडका, कारले, काकडी या वेलांचे उन्हाळ्यात काय होणार हे माघातच ठरते. रथसप्तमीला बी पिशवीत आणि महाशिवरात्रीला रोप आळ्यात, एवढे वेळापत्रक पाळले तरी गच्चीवरच्या किंवा दारापुढच्या चार हात जागेतल्या बागेचे अर्धे काम झाले, असे मी अनुभवाने सांगतो.

माघ शुद्ध सप्तमी ते माघ वद्य चतुर्दशी हे अंतर साधारण 22 दिवसांचे. वेलभाजीचे बी रुजून त्याला तीन-चार खरी पाने यायला या दिवसांत जवळपास तेवढाच वेळ लागतो. मात्र अधिक महिन्यामुळे तिथ्या मागेपुढे होतात. 2024 साली रथसप्तमी 16 फेब्रुवारीला आणि महाशिवरात्र 8 मार्चला होती. अशा वर्षी तिथीची वाट न पाहता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बी टाकावे.

एवढी घाई कशासाठी, तर वेल दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडतो म्हणून. बी थंड मातीत टाकले तर रुजत नाही, नुसते कुजते. उशिरा टाकले तर वेल वाढतो, पण दिवस मोठा होऊन ऊन तापले की या वर्गातले वेल नर फुले जास्त आणि मादी फुले कमी धरतात. तापमान चाळिशीकडे गेले की परागकणांतही दम राहत नाही. एका वर्षी घरातल्या आजारपणामुळे माझी लागवड पाडव्यापर्यंत लांबली. दुध्याच्या वेलाने मांडव भरला, रोज संध्याकाळी पांढऱ्या फुलांचा सडा पडायचा, आणि मेअखेरपर्यंत हाती आले ते दोन दुधी. त्याच बियांतले चार दाणे शेजारच्या वहिनींनी माझ्याआधी महिनाभर लावले होते. त्यांच्याकडचे दुधी आम्ही सगळ्या आळीने खाल्ले.

कोकणात रात्री फारशा गार नसतात, तिथे जानेवारीच्या मध्यालाच बी थेट आळ्यात टाकता येते. विदर्भात आणि मराठवाड्यात ऊन लवकर चढते, म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोपे जागेवर गेलेली बरी. नाशिक, निफाड, पुणे या पट्ट्यात थंडी रेंगाळते. तिथे पिशवीतल्या रोपांवाचून इलाज नाही.

रोपांच्या आधी मातीकडे वळू, कारण कुंडीतली बाग फसते ती बहुधा मातीत. नवी माती विकत आणण्याची गरज नसते. मागच्या पिकाच्या कुंड्या, वाळून आडव्या झालेल्या हळदीच्या पिशव्या रिकाम्या करा, जुन्या मुळ्यांचे जाळे झटका आणि माती जुन्या ताडपत्रीवर पसरून आठ दिवस कडक उन्हात राहू द्या. पसरताना पांढरी, वाकडी होऊन पडलेली जाड अळी दिसली तर ती हुमणी. ती मुळे कुरतडते. वेचून काढा, कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढे टाका. मग दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, अशी कालवणी करा. वर दर कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवली की पहिले पाणी पिळून फेकावे, पुन्हा भिजवावे, पुन्हा फेकावे. त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत.

शेणखत पारखायला नाकच पुरते. ओंजळभर हातात घ्या. शेणाचा किंवा आंबूस वास आला तर ते कच्चे आहे, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला तर ते तयार आहे. कच्चे खत कुंडीत कुजताना तापते, रोप पिवळे पडते, आणि हुमणीही बहुतेक वेळा त्याच खतातून घरात येते. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या कुंड्यांवर पांढरा थर चढतो. तशी माती कुंडीतच तीन-चार वेळा भरपूर पाण्याने धुऊन ते पाणी खालून वाहू द्यावे, मगच खत घालावे.

मिरची-वांग्याला 12 इंची कुंडी चालते. वेलाला मात्र 20 लिटरपेक्षा लहान भांडे देऊ नका, मार्च-एप्रिलच्या उन्हात लहान कुंडीतला वेल दुपारपर्यंत मान टाकतो. ओल्या मातीने भरलेली 20 लिटरची पिशवी 25 ते 30 किलो भरते, म्हणून गच्चीवर पिशव्या मधोमध न मांडता कडेने, तुळईच्या रेषेवर मांडा आणि खाली विटा देऊन पाण्याला वाट ठेवा.

आता पानगळीबद्दल. हे मला अगदी कळकळीने सांगायचे आहे. याच दिवसांत देशी बदामाची पाने लाल होऊन पडतात, मागून पिंपळ, करंज, वर्षावृक्ष रिकामे होऊ लागतात. सोसायट्यांच्या आवारात ती झाडून ढीग करतात आणि काडी लावतात. बागेला उन्हाळाभर पुरेल एवढे आच्छादन आणि पुढच्या वर्षीचे खत असे धुरात जाते, आणि तो धूर आपल्याच खिडक्यांतून घरात येतो. झाडणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवले तर त्या आनंदाने पोती भरून देतात, त्यांचेही काम हलके होते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून हेच लोकांच्या गळी उतरवले की पालापाचोळा म्हणजे उद्याची माती. तो मातीला परत केला की थोड्या जागेतही भरघोस पिकते. चार-पाच पोती पाला आत्ताच कोरडा साठवून ठेवा. एप्रिलमध्ये कुंडीच्या तोंडावर दोन-तीन इंच थर दिला की पाणी टिकते आणि वरची मुळे भाजत नाहीत.

बी घेताना पाकिटावरची मुदत आणि उगवणशक्ती वाचा. गुलाबी किंवा निळसर रंग लावलेले बी औषध लावलेले असते. ते हाताळल्यावर हात धुवावेत आणि उरलेले मुलांच्या हाती लागू देऊ नये. पुढच्या वर्षी घरचे बी धरायचे असेल तर संकरित न घेता सरळ वाण घ्या. राहुरीच्या विद्यापीठाची हिमांगी काकडी आणि हिरकणी कारले, दापोलीचा कोकण हरिता दोडका, परभणीची परभणी क्रांती भेंडी ही आपल्याकडे वर्षानुवर्षे पारखलेली नावे आहेत. घरात जुने बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहा. सात रुजले तर लावा, पाचच्या आत राहिले तर दुसरे आणा.

थंडीत वेलभाजीचे बी रुजवण्याची माझी पद्धत मटकीला मोड आणण्यासारखीच आहे. कारले, दोडका, दुधी यांचे कवच टणक असते. नखकात्रीने टोकाकडची कड जराशी उडवायची, आतल्या दळाला धक्का न लावता. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालायचे. सकाळी पाणी काढून टाकून जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी बांधायची, ती ओलसर असावी, पाणी निथळणारी नसावी. पुरचुंडी स्टीलच्या डब्यात घालून डबा ओट्यावर शेगडीशेजारी, जिथे दिवसभर ऊब असते तिथे ठेवायचा. रोज एकदा उघडून वारा द्यायचा. काकडी दोन-तीन दिवसांत फुटते, कारल्याला पाच-सहा दिवसही लागतात. पांढरा मोड अर्ध्या पेराएवढा दिसला की त्याच दिवशी बी मातीत जायला हवे. मोड लांबला की उचलताना मोडतो.

लावायला दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या उत्तम. धुवा, वरून कापा, तळाला तीन-चार भोके पाडा आणि बारीक चाळलेल्या मिश्रणाने भरा. मोड खाली करून बी बोटाच्या एका पेराएवढे खोल ठेवा. या वेलांना मुळे दुखावलेली चालत नाहीत, म्हणून एका ताटात दाट बी पेरून नंतर उपटून लावायची पद्धत इथे उपयोगाची नाही. पिशव्या फळांच्या क्रेटमध्ये उभ्या करा, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवा आणि रात्री वरून गोणपाट घाला. पाणी सकाळीच द्यायचे. संध्याकाळी दिले तर माती रात्रभर थंड आणि ओली राहते आणि कोवळी रोपे बुडाशी मऊ होऊन कोलमडतात. मिश्रणात चिमूटभर ट्रायकोडर्मा घातले तर हा धोका बराच कमी होतो. शेवटचे चार दिवस गोणपाट काढून टाका, पाणी थोडे ताणा, रोप टणक होऊ द्या. मग एका संध्याकाळी पिशवी ब्लेडने उभी चिरून मातीच्या गोळ्यासकट रोप आळ्यात बसवा. मांडवाची दोरी रोप लावायच्या दिवशीच बांधा. नंतर खांब रोवताना मुळे तुटतात.

भेंडी, गवार, चवळी, तांबडा माठ यांचा एवढा व्याप नाही. गार मातीत भेंडी हटून बसते, म्हणून थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघाली की रात्रभर भिजवलेले बी थेट जागेवर टोचावे, दोन झाडांत वीतभर अंतर ठेवून. टोमॅटोची नवी रोपे मात्र आता लावू नका, तापलेल्या दिवसांत त्यांची फुले गळून जातात. मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर या आठवड्यात उरका आणि खत द्या.

जुनी बाग मोडतानाही हात राखून मोडा. मावा चढलेले वालाचे, घेवड्याचे वेल आधी काढा, नाहीतर तो मावा नव्या रोपांवर उतरतो. पण कोथिंबिरीची आणि मुळ्याची तीन-चार ताटे फुलू द्या. मुळ्याच्या डिंगऱ्यांची भाजी होते, आणि त्या बारीक फुलांवर आलेल्या मधमाश्या पुढे तुमच्या काकडीच्या फुलांवरही येतात. त्यासाठीच फुलोऱ्यात सकाळी कसलीही फवारणी नको. रोप दोन पानांवर असताना तांबडे भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात. दव असताना सकाळी पानांवर चाळलेली राख भुरभुरा आणि भुंगेरे हाताने वेचा, त्या वेळी ते सुस्त असतात. मावा, पांढरी माशी यांच्यासाठी 50 ग्रॅम निंबोळीचा चुरा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारावा. भेंडीची पाने शिरांसकट पिवळी पडली तर तो हळद्या, पांढरी माशी तो पसरवते. तसे झाड वाचत नाही, लगेच उपटून टाका. फळमाशीने डंख केलेली, वाकडी झालेली कारली खतात टाकू नका, हातभर खोल पुरा.

मार्चच्या मध्यापासून पश्चिमेकडून 50 टक्के सावलीची जाळी लागेल. ती आताच आणून ठेवा.

पहिले दहा-बारा दिवस वेलावर नुसती नर फुले आली तर घाबरू नका, ती नेहमीच आधी येतात. मादी फुलाच्या देठाशी बोटाच्या टोकाएवढे इवले फळ असते, त्यावरून ते ओळखायचे. काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उघडतात, दोडक्याची आणि दुधीची दिवस कलल्यावर. गच्चीवर त्या वेळी मधमाशी क्वचितच फिरकते, म्हणून दुध्याचे काम आपणच करायचे. दिवेलागणीला नुकते उमललेले नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच दोन-तीनदा टेकवा. तीन-चार दिवसांनी पाहा. देठाशी असलेले ते लवदार फळ खाली वळून जाड होऊ लागले असेल तर जमले. पिवळे पडून सुरकुतले तर दुसऱ्या संध्याकाळी दुसरे फूल शोधा.