घरच्या खोबरेलासाठी खोबरे नीट वाळवा
घाण्यावरून आणलेले घरचे खोबरेल लवकर खवट होते, ते बहुधा खोबरे ओलसर राहिल्यामुळे. ताज्या खोबऱ्यात सुमारे ५० टक्के पाणी असते. ते ६ टक्क्यांपर्यंत खाली आणावे. त्यासाठी वाट्या ६ ते ८ दिवस कडक उन्हात वाळवाव्यात, रात्री झाकाव्यात. बुरशी आलेली वाटी पुसून घाण्यात घालण्याचा मोह मात्र टाळा. अशा बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतास घातक असून पेंडीत व काही अंशी तेलातही उतरते. तेच तेल आपण कालवणात घालतो. ही वाटी गुरांनाही देऊ नये. विष दुधातून परत घरात येते.

थंडीत, सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली, तेल गोठते. ती भेसळ नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवावी.