मोटारसायकलचा पुढचा शॉकअप : जुळणी आणि निगा



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण शेतीच्या बाहेरचा नाही. आज बांधावर जायचे तर मोटारसायकल, दूध घालायचे तर मोटारसायकल, युरियाचे पोते आणायचे तरी मोटारसायकलच. गळीत सुरू झाले की भरल्या ट्रॉल्यांनी पाणंद रस्त्यांना गुडघा-गुडघा चाकोऱ्या पडतात. पाटाचे पाणी रस्त्यावर आले की चिखल होतो आणि तो वाळला की चाकोरीची कड दगडासारखी लागते. अशा वाटेवर आपली गाडी दिवसाला चार-सहा खेपा करते.

इंजिनचे ऑइल आपण वेळेवर बदलतो, चेनला वंगण देतो. पुढच्या शॉकअपमध्येही तेल असते आणि तेही खराब होते, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते. गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत शॉकअप एकदाही न उघडलेल्या गाड्या आमच्या गटात ढिगाने सापडतील.

मोटोक्रॉसवाल्यांकडून काय घ्यावे?

चिखल, उंचवटे आणि चाकोऱ्यांच्या मैदानावर मोटारसायकलींच्या शर्यती होतात, त्यांना मोटोक्रॉस म्हणतात. इंग्लंडात कॅम्बरली येथे 1924 साली झालेल्या शर्यतीपासून या खेळाची सुरुवात मानतात. या गाड्यांचा पुढचा शॉकअप जवळजवळ 12 इंच दबतो. आपल्या रोजच्या गाडीचा साधारण 4 ते 5 इंचच दबतो. त्यांचे शॉकअप महागडे, त्यावर फिरवायचे स्क्रू, सगळेच वेगळे. तेव्हा त्यांची बरोबरी आपल्याला करायची नाही. पण त्यांच्या दोन सवयी घेण्यासारख्या आहेत. पहिली, गाडी चिखलातून आली की शॉकअपचा पाईप त्याच दिवशी पुसायचा. दुसरी, शॉकअपच्या तेलाचा हिशेब गाडी किती तास चालली यावर ठेवायचा आणि तेल मुदतीत बदलायचे. आपला रस्ता त्यांच्या मैदानापेक्षा फार चांगला असतो असे नाही. मग निगा तेवढी का कमी असावी?

शॉकअपचे काम कसे चालते?

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. वरचा चकाकणारा पोलादी पाईप खालच्या जाड नळीत, म्हणजे बॉटममध्ये, वर-खाली सरकतो. आत एक लांब स्प्रिंग आणि मापाचे तेल असते. खड्डा आला की स्प्रिंग दबून धक्का घेते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी चेंडूसारखी उसळत राहिली असती. ती उसळी तेल आवरते. फवारणी पंपाचा दट्ट्या दाबताना द्रावण बारीक भोकातून जाते आणि हाताला जोर लागतो, तसेच इथे तेलाला बारीक भोकांतून जावे लागते. त्यामुळे पाईप खाली जाताना आणि विशेषतः वर येताना सावकाश येतो. तेलाने आवरलेला असा शॉकअप विक्रीच्या गाडीला पहिल्यांदा बीएमडब्ल्यूने 1935 साली बसवला. आपल्या बहुतेक गाड्यांचा शॉकअप आजही त्याच तत्त्वावर चालतो.

बॉटमच्या तोंडाशी रबरी ऑइल सील असते आणि तिच्यावर धूळ अडवणारे कव्हर. तेल आत आणि माती बाहेर ठेवण्याचे काम या दोन रबरांचे आहे.

आता मुख्य मुद्दा ध्यानात घ्या. शॉकअपचे काम बसणाऱ्याला गादीसारखे वाटावे एवढेच नाही. पुढचा टायर सतत जमिनीला चिकटून ठेवणे, हे त्याचे खरे काम. टायर जमिनीवर असेल तरच हँडल ऐकते आणि ब्रेक लागतो. म्हणून "आमची गाडी लई मऊ चालतीय" असे कोणी कौतुकाने सांगितले, तर आम्ही आधी तेल आहे का ते बघायला सांगतो. तेल संपलेली गाडीही काही दिवस मऊच चालते.

घरच्या घरी तपासणी

आधी दोन्ही टायरची हवा बरोबर करून घ्यावी. हवा कमी-जास्त असेल तर पुढचा अंदाज चुकतो.

1. गाडीवर बसून, पाय जमिनीवर टेकवून, पुढचा ब्रेक धरून हँडल जोराने खाली दाबावे आणि सोडावे. पाईप एका दमात वर येऊन थांबला तर ठीक. वर-खाली दोन-तीनदा डुलला तर तेल कमी झाले आहे किंवा पातळ झाले आहे. अडखळत किंवा फार सावकाश वर आला तर पाईप वाकलेला असेल, चाक तिरके बसवलेले असेल किंवा तेल जास्त जाड घातले असेल.

2. पाईपवरून बोट फिरवावे. तेलाचा ओला पट्टा लागला तर सील गेली. ओरखडा किंवा गंजाचा खड्डा नखाला लागला, तर नुसती सील बदलून भागणार नाही. तो खड्डा नवी सीलही थोड्या दिवसांत कापतो.

3. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे. चाक खालच्या बाजूला धरून पुढे-मागे हलवावे. खट्‌खट् वाजले तर कोनसेट ढिला झाला आहे किंवा शॉकअपमधले बुश झिजले आहेत. हँडल सावकाश फिरवताना मध्येच अडकल्यासारखे झाले तर कोनसेटमध्ये खड्डे पडले आहेत. कोनसेट खराब असताना शॉकअपवर खर्च करून उपयोग नाही.

4. शॉकअप किती दबतो ते बघायचे असेल तर पाईपला कव्हरजवळ प्लास्टिकचा टाय किंवा रबर बँड हलका बांधावा आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारावी. धक्क्यांनी तो वर सरकलेला दिसतो. रोज तो अगदी टोकाला जात असेल आणि खड्ड्यात 'धाड्' असा आवाज येत असेल, तर स्प्रिंग दमली आहे, तेल कमी आहे किंवा भार जास्त होतो आहे.

बैठक कशी मोजावी?

आपल्या वजनाने शॉकअप किती बसतो, त्याला आम्ही बैठक म्हणू. चाक अधांतरी असताना कव्हरपासून वरच्या पकडीपर्यंतचा उघडा पाईप टेपने मोजावा. मग गाडी स्टँडवरून काढून आपण बसावे, दुसऱ्याने मागून गाडी सरळ धरावी, एक-दोनदा हलकेच दाबून सोडावे आणि तिसऱ्याने तेच अंतर मोजावे. दोन मापांतला फरक ही बैठक. एकूण दबण्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश बैठक चांगली. म्हणजे शॉकअप 120 मिलिमीटर दबणारा असेल तर 30 ते 40 मिलिमीटर.

बैठक याहून पुष्कळ जास्त असेल तर स्प्रिंग दमली आहे आणि धक्का घ्यायला जागाच उरलेली नाही. फारच कमी असेल तर चाक खड्ड्यात उतरत नाही, टायर जमीन सोडतो. मोटोक्रॉसच्या गाडीत स्वाराच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगच बदलतात. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे फिरवायचा स्क्रू नसतो, तेव्हा कंपनीच्या मापाची नवी स्प्रिंग बसवणे हाच सरळ उपाय. स्प्रिंग बदलायची तर दोन्ही बाजूंची बदलावी. जुवाखाली एक बैल तरणा आणि एक म्हातारा जुंपला तर गाडी कशी ओढली जाते हे आपल्याला सांगायला नको.

तेल आणि सील बदलताना

हे काम माहितगार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. वरचे टोपण स्प्रिंगच्या दाबाखाली असते. आधार न देता खोलले तर उडून तोंडावर बसते. मात्र काम होताना समोर उभे राहून पुढील गोष्टी बघाव्यात :

* तेल शॉकअपचेच असावे आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचे असावे. इंजिनचे उरलेले ऑइल किंवा ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल ओतू देऊ नये.
* तेल मापाच्या भांड्याने मोजून, दोन्ही बाजूंना सारखे घालावे. तेलावरची मोकळी हवाही दबून स्प्रिंगसारखे काम करते. जास्त तेल घातले तर हवेला जागा कमी पडते, शॉकअप शेवटी कडक होतो आणि सीलवर दाब येतो. "कडक पाहिजे, थोडं जास्त ओता" हे म्हणणे बरोबर नाही.
* जाड तेलानेही तोटाच होतो. ओळीने खड्डे लागले की पहिल्या धक्क्यातून पाईप वर येण्याआधीच दुसरा धक्का बसतो. असे चार धक्के बसले की शॉकअप खालीच राहतो आणि गाडी लोखंडी दांड्यावर चालल्यासारखी चालते.
* पाईप काढल्यावर सपाट काचेवर लोळवून बघावा. खालून उजेडाची फट उघड-मीट होत दिसली तर पाईप वाकला आहे. ठोकून किंवा जॅकने सरळ केलेला पाईप पुन्हा बसवू नये.
* सील जोडीनेच बदलावी, बसवताना तिला तेल लावावे. स्क्रूड्रायव्हरने ठोकून बसवलेली सील पहिल्या दिवसापासून गळते.
* चाक बसवल्यावर, एक्सल पकडणारा बाजूचा बोल्ट असेल तर तो पक्का करण्याआधी, गाडी जमिनीवर घेऊन शॉकअप चार-पाच वेळा दाबावा. त्याने दोन्ही नळ्या एका रेषेत येतात. मग बोल्ट आवळावा. ही मोटोक्रॉसवाल्यांची रीत आहे आणि खर्च काही नाही.
* काढलेले जुने तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. गॅरेजच्या डब्यातच द्यावे.

स्प्रिंगच्या मोटोक्रॉस शॉकअपला वर हवा सोडायचा बारीक स्क्रू असतो. चाक अधांतरी करून ते लोक साठलेली हवा सोडतात. आपल्या साध्या गाडीला तो नसतो, म्हणून उगाच टोपण ढिले करू नये.

गाडी पडून हँडल वाकडे झाले तर दर वेळी पाईप वाकलेलाच असतो असे नाही. पुष्कळदा दोन्ही पाईप पकडीत फक्त फिरलेले असतात. पकडीचे बोल्ट ढिले करून, सरळ करून, पुन्हा आवळले की काम होते. आधी हे बघायला सांगावे.

सील का जाते?

सील तेलाने जात नाही, मातीने जाते. आपली काळी माती ओली असताना पाईपला चिकटते आणि वाळली की खडे होऊन बसते. पाईप खाली गेला की तीच माती सीलच्या ओठाखाली शिरते. ठिबकच्या फिल्टरमध्ये वाळू गेली तर पुढे काय होते ते आपण जाणतो, तसेच हे. म्हणून माती वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसावी. वाळली असेल तर पाण्याने भिजवून पुसावी. विळा, खुरपे किंवा तारेचा ब्रश लावू नये. धुलाई केंद्रावर पाण्याच्या जोराची धार सीलवर सरळ मारू देऊ नये, कारण माती त्याच धारेने आत जाते.

युरिया, पोटॅश किंवा मिश्रखताची फुटकी पोती टाकीवर ठेवून आणतात. खताचा चुरा पाईपवर पडतो, हवेतले पाणी धरतो आणि पाईप गंजतो. अशी खेप झाली की पाईप पाण्याने धुऊन, कोरडा करून, तेलाच्या फडक्याने हलका पुसावा. गोठ्यात ओलीला गाडी उभी करणाऱ्यांनीही हे करावे.

सील नुकतीच पाझरू लागली असेल आणि पाईप गुळगुळीत असेल, तर कधी कधी ओठात अडकलेल्या कणानेच गळती होते. धुळीचे कव्हर हळूच वर घेऊन, जुन्या एक्सरे फिल्मची गुळगुळीत कापलेली पट्टी पाईप आणि सील यांच्यामधून फिरवली तर तो कण निघतो. पुसून दोन दिवस बघावे. गळती पुन्हा दिसली तर सील बदलावीच.

हे पुढे ढकलू नका

ज्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आहे, तिच्या त्या बाजूची सील गळली तर तेल बॉटमवरून ओघळून ब्रेकवर आणि डिस्कवर येते. दिवसा सावकाश जाताना ते जाणवत नाही. पण रात्री, पुढे भरली ट्रॉली अचानक थांबली, मागे दुधाचे दोन कॅन आहेत, आणि पुढचा ब्रेक दाबला तरी धरत नाही, हा प्रसंग आमच्या भागात घडलेला आहे. जीव वाचला, पाय मोडला. तेल लागलेले ब्रेक पॅड पुसून पुन्हा वापरू नयेत, नवेच घालावेत आणि डिस्क स्वच्छ करून घ्यावी. सील व तेल यांचा खर्च एका नव्या टायरपेक्षा बराच कमी येतो. शॉकअप बिघडलेला असेल तर पुढचा टायरही उंच-सखल झिजतो, ते निराळेच.

भाराबद्दलही एक शब्द. कॅन फार मागे टांगले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल डुलते. हँडलला पिशव्या, कळशी, डिझेलचा कॅन अडकवला की चाकोरीतून गाडी वळत नाही. भार दोन्ही बाजूंना सारखा, खाली आणि शक्य तितका पुढे बांधावा.

वेळापत्रक

* रोज : चिखलातून आल्यावर पाईप ओल्या फडक्याने पुसणे.
* दर पंधरवड्याला : हवा बघणे, हँडल दाबून उसळी बघणे, पाईपवर बोट फिरवणे.
* दर सहा महिन्यांनी : चाक अधांतरी करून कोनसेट आणि बुश तपासणे.
* दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत त्याआधीची मुदत असेल तर तेव्हा : तेल बदलणे. गाडी रोज पाणंदीनेच जात असेल तर दर वर्षी बदललेले बरे.

तेल बदलायला खंडेनवमीचा सुमार सोयीचा आहे. पाऊस सरलेला असतो, गळीत तोंडावर असते आणि त्या दिवशी आपण अवजारांना हळद-कुंकू वाहतोच. गाडीला हार घालण्याआधी तिचा पाईप पुसावा, तेल कधी बदलले ते पुस्तिकेत तारखेसह लिहून ठेवावे. घरात जो मुलगा किंवा मुलगी गाडी जास्त चालवते, तिला किंवा त्याला वरच्या चार तपासण्या एकदा समोर उभे करून शिकवाव्यात.

— ऊस विकास अधिकारी